हवालदारांचा अभिप्राय

मशीनच्या हँडलवर हात ठेवायचा, पण ते फिरवायचं नाही, आणि समोरच्याला विचारायचं, "अंदाज काय हाय?" आमच्या ऑफिसातल्या हवालदारांची ही रीत होती. आकडे घेऊन आलेला माणूस ओव्हरसिअर असो की खुद्द साहेब, उत्तराचा अंदाज त्यानं आधी सांगायचा. त्याशिवाय हँडल फिरत नसे.

"काका, अंदाज आला असता तर तुमच्याकडे कशाला आले असते?" मी नवी असताना एकदा म्हणाले.

"आन् अंदाजच न्हाई, तर उत्तर चुकल्यालं कळायचं कसं तुमाला?" ते शांतपणे म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. शेवटी मी काहीतरी आकडा सांगितला. तेव्हा कुठे हँडल फिरलं.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. कराडला कालव्याच्या ऑफिसात मी ट्रेसर म्हणून लागले होते. घर सांगलीला, राहायला मलकापुरात मावशीकडे. नकाशे निळ्या कापडावर गिरवायचे, हे माझं काम. हवालदार माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. ते माणदेशातले. वडील मेंढरं राखायचे. हे पलटणीत गेले, तिथं जमिनीची मोजणी शिकले आणि पेन्शनीत आल्यावर आमच्या ऑफिसात आकडेमोडीला बसले. त्यांचं नाव हजेरीपटात होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. सगळे हवालदार म्हणत, मी काका म्हणे.

त्यांचं मशीन म्हणजे लोखंडी हिरवट डबा. वर आकड्यांचे खटके, बाजूला हँडल. पुढे फिरवलं की गुणाकार, मागे फिरवलं की भागाकार. उत्तर खालच्या बारक्या खिडक्यांत उमटायचं. फेऱ्यांचा खर्रर्र खट्ट असा आवाज दिवसभर चालू असे. पहिल्या आठवड्यात माझं डोकं दुखलं. महिन्याभरानं तो आवाज थांबला की मीच मान वर करून बघू लागले.

हवालदारांचे आणखी दोन नियम होते. आकडे कागदावर द्यायचे नाहीत, मोठ्यानं वाचून दाखवायचे. आणि उत्तर आलं की ते मशीन आमच्याकडे वळवायचे. "आपल्या डोळ्यानं वाचा. माझ्यावर विश्वास ठिवू नगा." पलटणीतली शिस्त, असं आम्ही समजत होतो. तुम्हीही असली माणसं पाहिली असतील. त्यांच्या शिस्तीला आपण हसतो आणि मनातून तिचा आधारही वाटतो.

मग एके दिवशी वरून पत्र आलं. आकडेमोडीची नवी विजेची मशीनं निघाली आहेत. ज्या ऑफिसाला हवं असेल त्यानं महिन्याभरात अभिप्राय कळवावा. नवं मिळाल्यावर जुनं जमा करावं.

साहेबांनी पत्र वाचून दाखवलं आणि ऑफिसात दोन तट पडले. ओव्हरसिअर जाधव म्हणाले, "साहेब, थांबू. आता निघालंय म्हणजे दोन वर्षांत याच्याहून चांगलं निघणार. मग आपण जुनंच घेऊन बसू." हेड क्लार्क म्हणाले, "लाइट दिवसातून चारदा जातात. तेव्हा काय बोटं मोजायची?" मी तरुण होते, मला नवं हवंच होतं.

साहेब म्हणाले, "हवालदार, मशीन तुम्ही चालवता. अभिप्राय तुम्हीच द्या. तुम्ही म्हणाल ते मी सहीनिशी पाठवतो."

हवालदार उठून उभे राहिले. "आदी बघून येतो साहेब. न बघता कसं सांगू?"

बघण्याची सोय सांगलीच्या ऑफिसात होती, शनिवारी. मी घरी जाणारच होते, म्हणून एकाच एसटीनं निघालो. हवालदार स्टँडवर आले ते गोणपाटात गुंडाळलेलं मशीन खांद्यावर घेऊन. साहेबांची परवानगी त्यांनी काढली होती. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, लगेज लागंल याला. काय हाय आत?"

"इंजनेर हाय," हवालदार म्हणाले. "पन त्याचं तिकीट काडतो मी."

वाटेतल्या आष्ट्यापर्यंत कंडक्टर मागे वळून वळून त्या गोणपाटाकडे बघत होता.

सांगलीत कंपनीचा टाय लावलेला माणूस आला होता. त्याचं मशीन टेबलावर पाटीएवढं बसलं होतं, काळ्या काचेत हिरवे आकडे पेटत होते. हवालदारांनी आपलं मशीन त्याच्याशेजारी मांडलं आणि मला लेव्हलबुकातले, म्हणजे जमिनीच्या चढउताराच्या वहीतले, आकडे वाचायला सांगितले. मी वाचत गेले. हवालदारांचं हँडल फिरायला लागलं आणि त्या माणसानं पाच-सहा बटणं दाबून हात मागे घेतला. झालं. हवालदारांच्या अजून अकरा फेऱ्या बाकी होत्या. त्यांनी त्या पुऱ्या केल्या. अर्धवट गणित सोडणं त्यांना जमत नसे. दोन्ही उत्तरं सारखी आली.

मग त्यांनी नव्या मशीनवर बोटं फिरवली. हलक्या हातानं, सगळ्या बटणांवरून, दोनदा. बटणं सारखी, गुळगुळीत, सपाट. ते काचेजवळ वाकले, इतके की नाक टेकायला आलं.

"काय आकडा हाय बाई?"

मी वाचून दाखवला. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. रोजचीच रीत होती ती.

त्यांना पोचवायला मी स्टँडवर गेले. कराडची गाडी समोर लागलेली होती, वर हातभर अक्षरांत पाटी. तिच्यापासून चार पावलांवर उभं राहून हवालदार म्हणाले, "कराडची गाडी कोंची गं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. आणि अंदाज, मोठ्यानं वाचणं, उत्तर वळवून दाखवणं, सगळं एकदम उलगडलं.

"काका, कधीपासून?"

ते मशीनचं गोणपाट सारखं करत राहिले. "दीड वरीस झालं. मिरजेला डाक्टरला दावलं. काचबिंदू हाय. गेल्याली नजर माघारी येत न्हाई म्हनला. मधलं दिसतंय अजून जरा धुरकट, कडंचं गेलं." मग म्हणाले, "खटके बोटाला कळत्यात. फेऱ्या कानाला कळत्यात. उत्तर तुमी वाचता. ते तुमच्या अंदाजाशी जुळलं की मी व्हय म्हनतो. त्या नव्याला ना खटका, ना आवाज."

"साहेबांना सांगितलंय?"

"मी सांगीन. तुमी सांगू नगा."

मी कुणाला बोलले नाही. पण त्यानंतरचे पंधरा दिवस मला जड गेले. त्यांनी 'नवं मशीन नको' एवढं लिहिलं असतं तर संपलं होतं. नोकरीची तीन वर्षं उरली होती, ती मानानं गेली असती. साहेब सही करणार होतेच. दुसऱ्या बाजूला माणदेशाकडे जाणाऱ्या कालव्याची लेव्हलबुकं कपाटभर पडून होती. हँडल फिरवून ती दोन वर्षांत उरकणार नव्हती, आणि आकडेमोड पुरी झाल्याशिवाय प्रस्ताव वर जाणार नव्हता. त्या कालव्याच्या रेघेखाली पंधरा-वीस गावं होती. त्यांतलं एक हवालदारांचं. तिथं उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी दोन मैल चालत.

मी एकदा हळूच म्हणाले, "काका, नवं मशीन येऊ दे. मी शेजारी बसून बटणं दाबीन. कुणाला कळणार नाही."

"आन् पगार कुनी घ्यायचा?" एवढंच ते म्हणाले.

त्याच आठवड्यात जाधव ओव्हरसिअर घाईत लेव्हलबुक टेबलावर टाकून साइटवर गेले. वाचून दाखवायला कुणी नव्हतं. मी पलीकडच्या खोलीत होते. हवालदारांनी मला हाक मारली नाही. पुस्तक खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी एकट्यानंच तक्ता केला. दोन दिवसांनी तो माझ्याकडे गिरवायला आला. रेघ ओढता ओढता माझा हात थांबला. कालव्याचा तळ एका ठिकाणी वर चढत होता. मी मूळ पुस्तक काढलं. तिथं आठ होता, तक्त्यात तीन पडला होता.

मी तक्ता घेऊन त्यांच्याकडे गेले. कसं सांगावं कळेना. "काका, पाणी चढावर जातंय," मी म्हणाले.

त्यांनी तक्ता हातात घेतला, नीट धरला, डोळ्यांसमोर आणला आणि खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमच्या हाताला कळलं म्हनून बरं. न्हाईतर खांदून झाल्यावर कळलं आसतं." आणि लगेच, "कागद घ्या. अभिप्राय लिवायचा हाय."

ते सरकारी मराठीत सांगू लागले, पलटणीत रिपोर्ट देतात तसं ताठ बसून. नवीन यंत्र घ्यावे. याहून चांगले निघेल म्हणून थांबू नये, कारण काम थांबलेले आहे. वीज असेल तेवढ्या वेळातही यंत्र एकूण जुन्याच्या दसपट काम करील. यंत्र चालवण्यास ट्रेसर बाईंना शिकवावे, त्यांचा अंदाज चांगला आहे. माझी लेखणी अडखळली. ते थांबले आणि पुन्हा सुरू झाले. सध्या आकडेमोड करणाऱ्या इसमाची नजर अधू झाली आहे. त्यास या कामावरून कमी करावे. गेल्या दीड वर्षातील त्याचे सर्व तक्ते पुन्हा तपासावेत.

"हे मी लिहिणार नाही," मी म्हणाले.

"लिवा. मला दिसत आसतं तर मीच लिवलं आसतं."

मी लिहिलं. सहीची जागा त्यांना बोटानं दाखवावी लागली.

साहेबांनी कागद वाचला, हवालदारांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. पण आमच्या खोलीची भिंत फळ्यांची होती.

"हवालदार, शेवटची तीन वाक्यं काढू. मशीनचं तेवढं पाठवू. तुम्हाला मी आवक-जावकला बसवतो."

"आवक-जावकला तर वाचायलाच लागतं साहेब."

"मग काहीतरी बघू."

"न्हाई साहेब. ती वाक्यं काडली तर तक्ते कोन तपासनार?"

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांनी स्वतः हवालदारांना खुर्ची ओढून दिली. ऑफिसात हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

डोळ्यांच्या कारणानं त्यांना या नोकरीचीही पेन्शन मिळाली. निरोपाला पेढे होते, भाषण नव्हतं. नवं मशीन आलं ते माझ्या टेबलावर. त्यावर मी पहिलं काम केलं ते दीड वर्षाचे तक्ते तपासण्याचं. साडेतीन महिने लागले. त्या एका चुकीशिवाय दुसरी सापडली नाही. हे मी त्यांना कार्ड लिहून कळवलं. उत्तर त्यांच्या सुनेच्या अक्षरात आलं: मामांनी कार्ड तीनदा वाचायला लावलं.

दोन वर्षांनी कालव्याच्या रेघेवर खुंट्या मारायला जीप निघाली, तेव्हा मीही नकाशे घेऊन गेले. त्यांच्या गावात जीप थांबली. हवालदारांच्या घरी काकू दारातच भेटल्या. आत वळून म्हणाल्या, "आवं, हापिसातल्या बाई आल्यात." ते बाहेर आले. नजर पार गेली होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते माळावर चालत आले. प्रत्येक खुंटीपाशी थांबून तिचा नंबर विचारत होते.

पाणी यायला पुढे फार वर्षं गेली. तोवर ते राहिले नव्हते. मला आठवतो तो त्या दिवसाचा माळ. दोन खुंट्यांच्या मधोमध, जिथून कालवा जाणार होता तिथं, ते उभे राहिले. "हितं पानी किती आसंल?" मी सांगितलं, "तुमच्या डोक्याच्या वर, काका." त्यांनी वहाणा काढल्या, धोतर सावरलं आणि त्या तापलेल्या खडकाळ जमिनीवर सावकाश मांडी घातली. मोजणीची माणसं पुढे निघाली होती. मी म्हणाले, "चला काका, ऊन लागेल."

"बसू द्या जरा," ते म्हणाले. "पुन्यांदा हितं बसाया मिळायचं न्हाई."