मेमचाला परत जायचं होतं

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीत शाळा सुटली. वाचणाऱ्यानं पोटात घालावं.

मेमचा गेल्याचं मला नाशिकला बहिणीकडे असताना कळलं. “वरच्या खोलीतली मेमचा... डेंग्यू होता म्हणे,” एवढंच हे फोनवर बोलले. दोन दिवस तिचं दार बंद होतं आणि गुरुग्रामच्या आमच्या गल्लीत ते कोणी वाजवलं नव्हतं.

मेमचा मणिपूरची, पार्लरमध्ये कामाला. आधी दिल्लीत राहायची, तिथल्या गल्लीत दर दोन-तीन घरांआड तिच्याकडची माणसं. काम जवळ पडावं म्हणून इकडे आली, आणि इथं तिच्यासारखी ती एकटीच. भाजीला निघाली की नाक्यावरची पोरं ओरडायची, “ए मोमो, प्लेट कितने की?” सुरुवातीला ती हसून म्हणायची, “तेरे लिए आधी.” पुढे मान खाली घालून जायला लागली. सुक्या मासळीचा वास येतो म्हणून कोणीतरी तिच्या दारात कचरा ओतला. मी विचारलं, तिकडे कोणी त्रास द्यायचं नाही का? म्हणाली, “देते थे दीदी. पर वहाँ एक को छेड़ो तो दस खिड़की खुलती थी.” खिडक्या इथंही उघडायच्या... पण नुसतं बघायला.

आम्हीही बाहेरचेच. पण आमचा चेहरा इथं मिसळून जातो. बोललं तरच कळतं, आणि मी तर बाहेर फारशी बोलतच नाही.

तिला परत दिल्लीला जायचं होतं. खोलीही बघून ठेवली होती. पण तिथं आधी डिपॉझिट भरायचं, आणि तिचे सगळे पैसे इथल्या डिपॉझिटमध्ये, आमच्या घरमालकाकडे अडकलेले. “नया किरायेदार आने दो,” हेच त्याचं उत्तर. हे एकदा तिच्यासाठी बोलायला गेले. मालक म्हणाला, “भाईसाहब, आप भी तो किराये पे हो ना?” हे तसेच माघारी आले. मेमचाला ते कसं कळलं कोण जाणे. जिन्यात भेटली तेव्हा तीच माझी समजूत घालायला लागली, “छोड़ो दीदी, आपको भी निकाल देगा.”

मी नाशिकहून परतले, आणि परवा तिची बहीण सामान न्यायला आली. मालक स्वतः जिना चढून वर आला. तिच्या डोक्यावर हात ठेवला, पाकीट दिलं. “पूरा है बेटी, गिन लो.” तिला मोजवेना.

मी मोजले. पूर्ण होते.