मास्तरांची रद्दी

अमेरिकेत, फ्रीमाँटला, आमच्या समोरच्या टाउनहाउसमध्ये एक चिनी चित्रकार राहतात. वय ऐंशीच्या पुढे, अंगात बारा महिने तोच राखाडी स्वेटर, आणि काळ्या शाईने चित्रं काढण्यात सगळी हयात गेलेली. तोंडावर मी त्यांना सर म्हणते. मनात मात्र ते मास्तरच.

पाच वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे शिकायला जायला लागले. मुलगी कॉलेजला गेली होती आणि योगाच्या क्लासमध्ये मला झोप लागायची. मास्तरांच्या गराजमध्ये गाडी नाही. तिथे एक लांबलचक टेबल आहे आणि शनिवारी सकाळी त्याच्याभोवती आम्ही चार बायका. पहिले दोन महिने त्यांनी आम्हाला नुसती शाई उगाळायला लावली. दगडावर थेंबभर पाणी घालायचं, शाईची कांडी उभी धरायची आणि गोल गोल फिरवत राहायचं. बाकीच्या तिघी वैतागल्या. मी लहानपणी आजोबांच्या पूजेसाठी सहाणेवर गंध उगाळलेलं, त्यामुळे माझा हात लगेच बसला. मास्तरांनी वाकून माझी शाई पाहिली आणि मान डोलावली. मला वाटलं, आता आपली गाडी सुसाट सुटणार.

कसली सुटते! चित्रं काढायला लागल्यावर मास्तरांकडे एकच शेरा होता, "व्हेरी नाइस." बांबू काढला, व्हेरी नाइस. बांबूचा ऊस झाला, तरी व्हेरी नाइस. माझ्या शेजारणीचा बगळा चक्क कोंबडी दिसत होता, त्यालाही तेच. एकदा मी मुद्दाम वाईट चित्र काढून पाहिलं. व्हेरी नाइस. शेवटी सरळ विचारलं की सर, खरं सांगा, मला जमतंय का? तर त्यांनी मला चहा ओतून दिला. या माणसाने माझ्या एका तरी चित्राबद्दल खरं बोलावं, एवढंच मला हवं होतं. नवरा म्हणायचा, "अगं, नाइस म्हणतायत ना, मग एंजॉय कर की यार." त्याला काय कळणार? त्याला ऑफिसात दर सहा महिन्यांनी चुका लेखी मिळतात.

मास्तरांचं स्वतःचं आयुष्य कौतुकावर गेलेलं नाही. तरुणपणी चीनमधल्या एका कारखान्यात ते थर्मासवर फुलं रंगवायचे. अमेरिकेत आल्यावर तीस वर्षं चिनी हॉटेलांच्या भिंती रंगवल्या. मालकांना पांडा हवा असायचा. मास्तरांनी तोवर जिवंत पांडा पाहिलेला नव्हता, पण पोट पांडानेच भरलं, असं ते हसत हसत सांगतात. आपली चित्रं सुट्टीच्या दिवशी, गराजमध्ये. सगळ्या आयुष्यात दोन प्रदर्शनं झाली. त्यातल्या एकाला मुलगी, जावई आणि पाऊस चुकवायला आत शिरलेला एक माणूस, एवढेच आले होते. तो माणूस बराच वेळ थांबला, असं मास्तर अभिमानाने सांगतात. पाऊसही बराच वेळ होता, हे ते नंतर सांगतात.

स्वतःच्या कामाला मात्र दयामाया नाही. या कलेत खोडरबर चालत नाही, पातळ कागदावर शाई पडली की पडली. मास्तर दहा चित्रं काढतात, नऊ चुरगळून रिसायकलच्या डब्यात टाकतात आणि उरलेल्या एकावर लाल शिक्का मारतात. शिक्का नाही ते त्यांचं नाही.

आता मी पडले मराठी बाई. दह्याचे डबे धुऊन ठेवणाऱ्या घरात वाढलेली. एवढी सुंदर चित्रं कचऱ्यात जाताना मला बघवेना. क्लास संपला की मी हळूच डब्यातून गोळे काढायची, घरी आणून सुती कापडाखाली इस्त्री करायची आणि पलंगाखालच्या खोक्यात, माझ्या सरावाच्या कागदांबरोबर ठेवायची. त्यातला एक डोंगर तर आम्ही फ्रेम करून हॉलमध्ये लावला.

आणि गेल्या वर्षी मीच मास्तरांना जेवायला बोलावलं. फ्रेमचं लक्षातच राहिलं नाही.

ते आत आले, बूट काढले आणि भिंतीसमोर उभे राहिले. मी वरणाला फोडणी घालायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात सटकले. परत आले तर ते शांतपणे म्हणाले, "आणखी किती आहेत?"

खोटं बोलायची सोय नव्हती. नवऱ्याने खोकं आणून डायनिंग टेबलवर ठेवलं. मास्तरांनी बाह्या सरसावल्या आणि पहिला कागद उचलून उभा फाडला. मग दुसरा. राग नव्हता, आपण मटार सोलतो तसं चाललं होतं. नवरा आज्ञाधारकपणे एकेक कागद पुढे करत होता. फ्रेममधला डोंगर काढायला त्यांनी त्याच्याचकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला. मला फार वाईट वाटत होतं, आणि लाजही. त्यांनी नको म्हटलेलं मी त्यांच्या नावावर भिंतीला टांगलं होतं.

खोकं तळाला आलं तेव्हा नवऱ्याने एक बांबू पुढे केला. मास्तरांनी तो हातात धरला, इतरांपेक्षा जरा जास्त वेळ पाहिला, कपाळाला आठी घातली आणि टर्रकन फाडला.

"सर," मी म्हटलं, "ते माझं होतं."

मास्तर थांबले. शेजारच्या वहीवर, जिच्यात नवरा किराण्याची यादी लिहितो, त्यांनी दोन्ही तुकडे ठेवून जुळवले. मला वाटलं, आता माफी मागतील आणि नेहमीचे ते दोन शब्द म्हणतील. त्यांनी माफी मागितली नाही. एका पेऱ्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "इथे तू घाबरलीस. हात थांबला. म्हणून वरचं सगळं खोटं."

माझे डोळे भरून आले. नवरा बिचारा गडबडला, सॉरी, मीच दिलं त्यांना, म्हणत टिश्यू शोधायला लागला. त्याला कसं सांगणार की मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी खुर्ची ओढून मास्तरांशेजारी बसले आणि म्हटलं, "नक्की कुठे, सर? परत दाखवा."