टाकीमागून ऐकलेली कादंबरी

परवा दुपारी कोलकात्यात, बेहाला भागातल्या आमच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते, तर पाण्याच्या टाकीपलीकडून माझीच निंदा ऐकू आली... तीही मराठीत.

आमची सून वैशाली महिन्याभरात कादंबरी लिहायच्या चॅलेंजमध्ये आहे. रोज ठरल्या आकड्याइतके शब्द लिहून त्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकायचे, मागे जाऊन खोडाखोड करायची नाही. मी चौथी शिकलेली, पण एवढं कळतं... शब्द भरायचे असले की गोष्टीतली बाई नुसतं दार उघडायला अर्धं पान घेते. घरात वरण करपतं ते वेगळंच.

कामात हात अडकलेले, म्हणून ही तोंडाने सांगते आणि फोन लिहून घेतो. गच्चीवर तर मोकळ्या गळ्याने, कारण आजूबाजूला सगळे बंगाली, कुणाला काय कळणार... मी टाकीमागे बसलेय हे तिच्या ध्यानीमनी नाही.

कादंबरीतल्या सुनेला नोकरी लागली होती आणि ती नको म्हणत होती. का, तर नवरा म्हणतो सासू घरी एकटी राहू शकत नाही. तिला इथली भाषा येत नाही, गॅस पेटवायला भिते...

रोज खाली मासेवाल्याशी बंगालीत भांडून येते ती कोण मग?

"ही सासू कुठली गं?" मी पुढे होऊन विचारलं. तिच्या हातातली वाळत घालायची चादर खाली पडली.

"आई, ती... गोष्टीतली आहे."

"आणि नोकरी?"

चादर उचलत म्हणाली, "ती खरी आहे. सोमवारपर्यंत कळवायचंय. हे म्हणाले, आईकडे कोण बघणार."

पोटच्या पोराने मला न विचारता लुळीपांगळी करून टाकलं होतं.

संध्याकाळी तो बँकेतून आला. चहाच्या आधीच विचारलं, "माझं नाव पुढे करून आणखी काय काय नाकारलंयस रे?" तो बूट काढत राहिला. एक बूट काढायला एवढा वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

वैशालीने त्याच्यासमोरच होकार कळवला. त्या दिवसाचे शब्द राहिले, ग्रुपमध्ये ती मागे पडली.

असल्या चॅलेंजने कुणी लेखक होतं का, मला सांगता येणार नाही. निम्मी पानं रद्दी आहेत, तिलाही ठाऊक आहे. पण त्या घाईत तिला खरं लपवायला सवड मिळाली नाही... नाहीतर मी माझ्याच घरात कुणाच्या तरी पायातली बेडी होऊन बसले असते, आणि मला पत्ता नसता.