दिवाळीच्या ताटल्या, नाताळचा फराळ

शहापूर तालुक्यातल्या शेणवे गावात आमचे एकच ख्रिस्ती घर होते. आई आरोग्य केंद्रात नर्स, वडील वीज मंडळात वायरमन, दोघेही मूळचे नगर जिल्ह्यातले. रविवारच्या उपासनेला आधी आसनगाव गाठायचे आणि तिथून लोकलने कल्याण. त्यामुळे वर्षातले बहुतेक रविवार घरच्या खाटेवरच, तीन माणसांच्या मंडळीत पार पडत. वडील प्रार्थना करत आणि आई मध्येच एक डोळा उघडून त्यांना प्रार्थनेत घ्यायची राहिलेली नावे सांगत असे.

दिवाळीत गल्लीतल्या प्रत्येक घरातून आमच्याकडे फराळाची ताटली येई. आलेली ताटली रिकामी परत करायची नाही, हा तिथला रिवाज. आईला तो उशिरा कळला होता. ती वाढली मिशनच्या आवारात, जिथे सगळेच ख्रिस्ती, त्यामुळे दिवाळीची ताटली कुणाकडून येण्याचा प्रश्नच नव्हता. पहिली नेमणूक मुरबाड तालुक्यात, वैशाखरे येथे झाली. तिथे दिवाळीत आलेल्या ताटल्या तिने घासल्या, नर्सच्या सवयीने उकळत्या पाण्यातून काढल्या आणि लखलखीत, रिकाम्या परत केल्या. पुढच्या दिवाळीत एकही ताटली आली नाही.

शेणव्याला बदली झाल्यावर आईने स्वतःचा नियम काढला. आमच्याकडे दिवाळी नसते, म्हणून आलेल्या ताटल्या कपाटावर रचून ठेवायच्या आणि नाताळला भरून परत करायच्या. परिणामी दिवाळी ते नाताळ गल्लीतली बरीचशी स्टीलची भांडी आमच्या ताब्यात असत. कुणाकडे पाहुणे आले की त्या घरची बाई दारात उभी राहून म्हणे, "नर्सबाय, माजी ताटली दोन दिस उसनी द्याल का?" आई देत असे. पाहुणे गेले की मागून आणतही असे.

मी मुरबाडला कॉलेजात होतो त्या वर्षी, सुट्टीला घरी आलो असताना, नाताळच्या आठवड्यात आईचा हात मोडला. वडील दारावर कागदी चांदणी टांगायला स्टुलावर चढले होते. रोज विजेच्या खांबावर चढणारा हा माणूस पडेल अशी आईला भीती वाटली. तिने त्यांना खाली उतरवले, स्वतः चढली आणि पडली. शहापूरला नेऊन उजव्या मनगटाला प्लास्टर घातले. परतीच्या वाटेवर ती हाताबद्दल काहीच बोलली नाही. फक्त म्हणाली, "ताटल्यांचं काय?"

वडिलांना आणि मला मिळून चहा करता येत होता. करंज्या करणे आमच्या आवाक्याबाहेर होते. दुकानातून आणून द्यावे, असे वडिलांनी सुचवले. आईने त्यांच्याकडे पाहिले आणि ती सूचना तिथेच मागे घेण्यात आली. दोन दिवस ती कपाटाकडे पाहत बसली. शेवटी म्हणाली, "आपलं वैशाखरे होणार. द्या परत." वडील पहिली रिकामी ताटली घेऊन समोरच्या काकूंकडे गेले. गावातली निम्मी बाळंतपणे आईने केली होती, पण ते पगाराचे काम, असे ती म्हणे. गल्लीशी तिचे नाते तिच्या हिशेबी या ताटल्यांचे होते.

काकूंनी ताटलीकडे पाहिले, मग वडिलांकडे.

"यात काय हाय?"

"काही नाही. तिचा हात..."

"हात म्हाईत हाय. मोकली ताटली मी घेनार नाय. घेऊन जा, भावोजी. नि नर्सबायला सांगा, पीठ हाय का बघा."

दुपारी काकू आल्या त्या पोळपाट, लाटणे आणि गल्लीतल्या इतर बायका घेऊन. त्यांच्या मागे त्यांची सासू आली, जिला सगळा गाव आजी म्हणे. आईला खुर्चीवर बसवण्यात आले. तिने बसल्याबसल्या सूचना द्यायला सुरुवात केली: खोबरे जास्त भाजू नका, कड जाड ठेवू नका.

"नर्सबाय," काकू म्हणाल्या, "आमी कळा देतो तवा तुमी बोलता, गप पडून रव. आता तुमी गप बसा."

बायका इतक्या हसल्या की एकीच्या हातून पिठाचा डबा सांडला. त्यावर पाय घसरून दुसरी बसली, आणि तिला उठवायला गेलेली तिसरी तिच्याशेजारी. आईच्या स्वयंपाकघरात आईखेरीज सगळे जमिनीवर होते.

पहिला घाणा निघाला आणि काम थांबले. काकूंनी एक करंजी वाटीत घेतली आणि त्या खोलीभर फिरल्या.

"तुमचा देव बसतो कुठं?"

"सगळीकडं," आई म्हणाली.

"पन ठेवू कुठं?"

आईने समजावले की आमच्यात नैवेद्य नसतो, जेवणाआधी आभार मानतात. आजीला हे पटले नाही. "म्हंजे त्याचा वाढदिवस नि त्याला सोडून तुमी खाता?"

नगरच्या मिशनमध्ये आईने बायबलच्या सगळ्या परीक्षा दिल्या होत्या. या प्रश्नाची तयारी तिथे करून घेतली नव्हती. तिने स्वतःच तोड काढली, "जो पहिला दारात येईल, त्याला द्या. म्हणजे देवाला पोचली."

वाटी घेऊन काकू दाराशी उभ्या राहिल्या. सगळ्यांनी माना वळवल्या. पहिली आली काकूंचीच बकरी. तिने करंजी खाल्ली, वाटी चाटली आणि आत पाहिले. बकरी आपणहून आली की काकूंच्या जावेने सोडली, याबाबत गल्लीत पुढे दोन आवृत्त्या चालत होत्या. त्या क्षणी मात्र आजीने निर्णय दिला, "घेतली. तला गो पुढचा घाना."

संध्याकाळी डबे भरल्यावर काकू म्हणाल्या, "आता तुमी आभार बोलता ते बोला." बायकांनी डोक्यावर पदर घेतले. आईने डोळे मिटले. "हे स्वर्गीय बापा, या बहिणींच्या हातांसाठी..." आणि ती अडली. एरवी वडिलांना राहिलेली नावे सांगणारी तीच. कुणीतरी नाक ओढले, कुणाला त्याचे हसू आले, आणि ते एकीकडून दुसरीकडे असे पसरले की डोळे मिटलेली आईसुद्धा खुर्चीत गदगदू लागली. "बोलली ना ती," आजी म्हणाली, "झाला. चला घरी." निघताना काकूंनी बजावले, "सकाली ताटल्या घेऊन या. आमी घरात असू."

नाताळच्या सकाळी आई नवी साडी नेसली, प्लास्टर पदराखाली घेतले आणि मला ताटल्या उचलायला लावून निघाली. प्रत्येक दारात काय बोलायचे ते तिने ठरवले होते. ते तिला कुठेही बोलता आले नाही.

"अगो बाय, आज नाताळ का!" काकूंनी तोंडावर हात ठेवला. "कवा केलंत येवढं सगलं?"

"वहिनी, तुम्हीच तर..."

"मोडल्या हातानं केलंत? कमाल हाय!" त्यांनी करंजी चाखली, मान हलवली. "खोबरं जरा करपलंय." खोबरे त्यांनीच भाजले होते.

पुढच्या दारात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. एकीने कृती विचारली. आजी ओट्यावर बसली होती. तिने करंजी मागल्या दातांनी सावकाश चावली आणि सांगितले, "मागल्या सालापरीस यंदा बऱ्या झाल्या, नर्सबाय." आईने तोंड उघडले. आजीने तिच्या तोंडात उरलेली अर्धी करंजी घातली.

ताटल्या संपल्या. एकाही घराने आभार घेतले नव्हते. आई घरी आली, जेवायला बसली आणि वडिलांना थांबवून त्या दिवशीची प्रार्थना तिने स्वतः केली. गल्लीच्या टोकापासून सुरुवात करून एकेका घराचे नाव घेत, सासवा-सुना वेगवेगळ्या करून, तिने ते सगळे आभार देवाकडे जमा केले. रश्श्यावर चरबी थिजली तरी ती अजून गल्लीच्या मध्यावर, विहिरीपाशीच्या घरापर्यंतच आली होती. वडिलांनी घाई केली नाही.