मीठ बघायला मी

आमच्या अंधेरीच्या गावठाणात आईला सगळे ओळखतात. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर ती असते आणि शुक्रवारी संध्याकाळी घरात शब्बाथचा दिवाही तीच लावते. ती जन्माने बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातली. बाबांशी लग्न करताना तिने बाप्तिस्मा घेतला. दोन्ही कसं चालतं, असं कोणी विचारलं की म्हणते, "मला चालतं. तुला काय त्रास होतो?"

त्रास व्हायचा तो मुलुंडच्या मामाला. बहिणीवर त्याचा जीव, पण भेटायचा तो बाहेरच. तिच्या घरी यायचा नाही, घोटभर पाणी तर दूरच. पण गेल्या वर्षी माझं मोठं ऑपरेशन झालं. आईने कोपऱ्यावरच्या क्रुसाला मेणबत्ती लावली, आणि पोर बरी झाली तर मलिदा करीन, असं ज्यूंच्या नवसाला पावणाऱ्या एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्यालाही बोलून ठेवलं. मी बरी झाले. आता मलिद्यावर प्रार्थना म्हणायला माहेरचं माणूस हवं होतं. हा नवस फेडल्याशिवाय आपण मरणार, या भीतीने तिला झोप लागेना. मला तिचा रागही यायचा आणि पोटात तुटायचंही.

शेवटी मामा आला. ताटात गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, सब्जाची पानं, सगळं त्यांच्या आईच्या पद्धतीने मांडलेलं. तो टोपी घालून बसला, पण प्रार्थनेचं पुस्तक उघडेना.

"आधी सांग, तू त्यांची की आमची?"

"दोघांची रे," आई म्हणाली.

"दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही गं."

तेवढ्यात शेजारून आत्या पातेलं घेऊन आली. ज्यू पाहुण्याला डुक्कर चालत नाही, एवढं तिने लक्षात ठेवलं होतं. म्हणून प्रेमाने केलं होतं कोलंबीचं कालवण! कोलंबीही तितकीच वर्ज्य, हे बिचारीला कोण सांगणार? मी कपाळावर हात मारला.

"बाय, मीठ बघ गं," आत्या मला म्हणाली. "तुझी आई काय तोंडात घालायची नाय."

मामाने वर बघितलं. "का नाही?"

"कधी खाल्लीय तिने? माझ्या भावाला जन्मभर रांधून घातली, पण मीठ बघायला या पोरीला हाक!"

खरं होतं. लहानपणी मला वाटायचं, मुली याचसाठी असतात.

मामा आईकडे वळला. "मला कधी बोलली नाहीस?"

"तू घरी कधी आलास?"

मामाने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पुस्तक उघडलं. मग थांबला.

"आधी पाणी दे गं," तो बहिणीला म्हणाला. "घसा सुकलाय."