भाकणुकीची आक्का

आमच्या बोळातल्या आक्काला वाईट बातमी सांगायची सोय नव्हती. आपण तोंड पाडून सांगायला जावं, तर ती आपल्याकडून बातमी काढून घ्यायची, उलटीपालटी करून बघायची आणि तिचं कुठलं तरी एक बरं टोक शोधून आपल्या हातात परत ठेवायची. चौथ्या दिवशी येणारं नळाचं पाणी सहाव्या दिवशीही आलं नाही की सगळा बोळ शिमगा करायचा. आक्का मात्र रिकामं पिंप आडवं पाडून, आत डोकं घालून घासत बसायची. आतूनच तिचा आवाज यायचा, "भरल्यालं पिंप कवा घासायचं गं? बरं झालं न्हाय आलं ते." त्या वेळी तिचा राग यायचा. तहान लागलेल्या माणसाला कोणी असं बोलू नये.

ती मूळची होटगीची. नवरा रेल्वेत रूळ बदलणारा पॉइंट्समन होता, रिटायर झाल्यावर सोलापुरात दोन खोल्या घेऊन ती दोघं आमच्या शेजारी आली. उंचीला बेताची, पाय किंचित फेंगडे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा गेल्यावर कुंकू गेलं आणि तिथे एक फिकट गोल राहिला. राग आला की ती कानडीत बोलायची, आम्हाला कळू नये म्हणून. आम्हाला अर्थातच सगळं कळायचं.

कॅलेंडर एक जानेवारीला बदलतं हे खरं, पण आमच्या बोळाचं वर्ष सुरू व्हायचं ते गड्ड्याच्या जत्रेत भाकणूक झाली म्हणजे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. संक्रांतीच्या दिवसांत होम झाला की दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू मैदानात आणतात. त्याच्यापुढे धान्य, गूळ, गाजरं, बोरं, विड्याची पानं असं काय काय मांडतात. ते काय हुंगतं, कशाला तोंड लावतं, बुजतं की शांत राहतं, यावरून मानकरी वर्षाचं भाकीत सांगतात. दुसऱ्या दिवशी ते पेपरात येतं. पेपरवाले त्या वासराबद्दल इतक्या अदबीने लिहितात की मंत्र्याबद्दलही लिहीत नसतील. 'वासराने मूत्रविसर्जन केल्याने यंदा पर्जन्यमान समाधानकारक' हे वाक्य मी लहानपणापासून वाचत आले आहे.

त्या सकाळी आक्का उंबऱ्यावर पेपर पसरून बसायची आणि बोळ तिच्याभोवती जमायचा. भाकीत सगळ्या जगाचं असे, आक्का ते घरोघरी वाटून द्यायची. वासरू बुजलं म्हणजे वर्ष अस्थिर, असं पेपर म्हणायचा. टेलरमामा शाळेचे गणवेश शिवायचे, ते एका वर्षी घाबरून म्हणाले, "आक्का, अस्थिर म्हंजे आमचं काम जातंय की काय?" आक्का म्हणाली, "अस्थिर म्हंजे हालतं-चालतं. तुमची मशीन हालली न्हाय तर कापड कसं शिवनार तुमी?" मामा हसत उठले. समोरच्या घरातला नरसय्या यंत्रमागावर कामाला होता आणि कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालायचा. त्याला ती म्हणाली, "वासरानं गाजराला तोंड न्हाय लावलं, पर हुंगलं का न्हाय? हुंगलं म्हंजे मनात हाय त्याच्या." यात तर्क काय होता हे मला आजही सांगता येणार नाही. पण नरसय्या त्या दिवशी शीळ घालत कामावर गेला, एवढं मी पाहिलं आहे.

सगळ्यांचं वाटून झालं की शेवटी पेपरची घडी घालताना ती स्वतःचं म्हणायची, "आन् औंदा परकाश येतोय." यावर जो तो आपापल्या कामाला लागायचा.

प्रकाश हा तिचा एकुलता एक मुलगा. त्याने पुण्यात आपल्या पसंतीने लग्न केलं आणि बायकोला घेऊन पाया पडायला आला, तेव्हा बापाने त्याला दारातूनच परत लावलं. आक्का आत भाकरी थापत होती. हात पिठाचे, तशीच दारात येऊन उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. पुढे बाप वारला तेव्हा मुलगा आला, स्मशानातून परस्पर पुण्याला गेला. माझ्याजवळ ती याबद्दल एकदाच बोलली. "त्यो बापावर चिडून न्हाय गेला. मी गप बसले म्हनून गेला." त्याचा नंबर तिने कुठल्याशा नातेवाइकाकडून मिळवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. पण लावला कधी नाही. का, विचारलं तर म्हणायची, "मी लावला तर बोलवल्यागत व्हतंय. त्याला आपनहून वाटाय पायजे." सगळ्या बोळाचं वाईट सुलटं करणारी ही बाई स्वतःच्या बाबतीत इतकी हट्टी होती.

माझा नवरा कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी गेला. आम्हाला मूलबाळ नाही. घरात त्याचे चष्मे होते आणि मी होते. पुढच्या जानेवारीत भाकणुकीची सकाळ आली तेव्हा मी दार लावून बसले. आक्का पेपर घेऊन आत आली, माझ्या शेजारी फरशीवर बसली. बराच वेळ पेपराकडे बघून म्हणाली, "तुझं काय निघत न्हाय गं आज मला. उद्या बघते." आणि उठून गेली. मला आयुष्यात मिळालेलं सगळ्यात प्रामाणिक सांत्वन ते. बाकीचे 'वेळ हेच औषध' म्हणत होते. दुसऱ्या दिवशी ती दारातूनच ओरडली, "निघालं! सकाळी फोडनीचा वास आला तुझ्या घरातनं. खाल्लंस म्हंजे तू!" मी खरंच आदल्या दिवशीचा भात फोडणी दिला होता. मी रडले आणि हसले, दोन्ही केलं.

तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना धरून राहिलो. मी दुपारच्या शाळेत शिकवते. सकाळचा चहा तिच्याकडे, रात्रीची भाजी माझ्याकडून. बोळ मात्र रिकामा होत चालला होता. टेलरमामांचा मुलगा त्यांना हैदराबादला घेऊन गेला, नरसय्याचा कारखाना पूर्ण बंद पडला आणि तो भिवंडीला गेला. दारांना कुलपं लागत गेली. उंबऱ्यावरची गर्दी कमी कमी होत शेवटी मी आणि कोपऱ्यावरचं एक म्हातारं जोडपं एवढीच राहिली.

मग आक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि पेपर वाचायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच वर्षी मी घोटाळा केला. त्या वर्षी वासरू फारच बुजलं होतं. कशालाच तोंड लावलं नव्हतं. आमच्या शाळेत पटसंख्या घटल्याने तुकडी बंद होणार असं चाललं होतं, आक्काला दोन पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, आणि मला वाटलं, या वर्षी तरी तिला बरं टोक खणत बसायला लागू नये. म्हणून मी खुशाल वाचलं, 'वासरू शांत होते. गूळ व धान्य आवडीने खाल्ले. वर्ष सुखासमाधानाचे.'

"पुन्यांदा वाच," आक्का म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"पेपर दोनदा वाचला तर मानूस कुटं तरी अडखळतंय. तू एका जागी सुदिक अडखळली न्हाईस. पाठ करून आलीयास व्हय?"

वीस वर्षं मुलांची पाठांतरं ऐकणाऱ्या बाईची चोरी अशी पकडली गेली. माझे कान तापले. आक्का चिडली नव्हती, पण कानडीत काहीतरी पुटपुटली. मग म्हणाली, "वाईट हाय ते तसंच वाच पोरी. त्यातनं चांगलं काढायचं काम माझं हाय. तू आयतं चांगलं आनून दिलंस, तर मी दिसभर काय करू?"

मी खरं ते वाचलं. तिने ऐकलं, माझं काढून दिलं ("तुकडी बंद झाली तर एवढी वरडून तरी शिकवाय नगं"), म्हाताऱ्या जोडप्याचं काढून दिलं. शेवटी नेहमीचं स्वतःचं आलं. "आन् औंदा परकाश येतोय." एवढ्यावर ती नेहमी थांबायची. या वेळी पुढे म्हणाली, "डोळं हाईत तवर आला तर बरं."

त्याच दिवशी तिच्या डोळ्यांचे थेंब काढताना मी कपाटाच्या दाराआतला नंबर उतरवून घेतला आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यातून लावला. मी कोण ते सांगितलं. पलीकडे प्रकाशच होता.

"आईनं सांगितलं का फोन करायला?"

"नाही. ती कधीच सांगणार नाही. म्हणून मी केला."

"बघतो," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

मी हे कोणालाच सांगितलं नाही. फोन करताना मला एक गोष्ट अगदी स्वच्छ दिसत होती: तो आला तर एकटा परत जाणार नाही. मग माझ्या शेजारी कुलूप. ते दिसत असूनही मी नंबर लावला, याचं मोठेपण मी घेणार नाही, कारण पुढचं वर्षभर तो आला नाही आणि मला मनातून हायसं वाटत राहिलं. आक्काच्या एका डोळ्याचं ऑपरेशन मीच करून आणलं. तिने पट्टी सुटल्यावर आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वाळलीस की गं." मला बरं वाटलं. नंतर तिने दाराकडे बघितलं.

पुढच्या भोगीला सकाळी मी भाजीला पावटे सोलत आक्काच्या उंबऱ्यावर बसले होते. एक टक्कल पडलेला माणूस बोळात शिरला. मागे त्याची बायको आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी. तो माझ्यापुढे उभा राहिला, पण आत जाईना. आतून आक्का म्हणाली, "कोन हाय गं?" मी पावटे बाजूला सारून वाट दिली. ती बाहेर आली, एका डोळ्याने नीट बघितलं आणि म्हणाली, "आलास व्हय? हुबा का? ये की आत." मग सुनेचा हात धरला. "तवा मी बोलले न्हाय. आता बोलते. ये बाई आत, हे तुझंच घर हाय." आणि चहा ठेवायला गेली. बराच वेळ चहा येईना म्हणून मी आत गेले, तर आक्का शेगडीपुढे उभी होती. पातेलं वर होतं, गॅस पेटवलाच नव्हता.

चार दिवस त्या घरात आवाज होते. भाकणुकीची सकाळ मधेच येऊन गेली. नात मांडीवर, सून शेजारी, त्यात पेपर कोण वाचतंय. चौथ्या दिवशी प्रकाश म्हणाला, "आई, आता पुण्याला चल." आक्काने माझ्याकडे बघितलं. "हिला कोन?" एवढंच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जायची ओढ होती आणि थांबायची तयारी होती. मी एक शब्द बोलले असते तर ती राहिली असती, हे मला नक्की माहीत आहे.

"जा आक्का," मी म्हणाले, "मला काय होतंय? शाळा आहे, पोरं आहेत."

गाडीत तिला पुढे बसवलं. काच खाली कशी करायची ते तिला माहीत नव्हतं. ती आतून मला काहीतरी सांगत राहिली, हातवारे करून, चांगलं लांबलचक. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी हो हो करत मान हलवत राहिले. गाडी गेली. मी घरात आले आणि संध्याकाळपर्यंत दिवा लावला नाही.

या वर्षात तिचे फोन आले. नात तिच्याच कुशीत झोपते, सून डोक्याला तेल लावून देते, दुसऱ्या डोळ्याचंही झालं. आवाज खुललेला. मी ऐकते आणि मला आनंद होतो. फोन ठेवला की वाटतं, तो नंबर मी लावलाच नसता तर आक्का आज भिंतीपलीकडे असती. मग मला माझी लाज वाटते. पण वाटायचं ते वाटतंच. कोपऱ्यावरचं जोडपंही दिवाळीत मुलीकडे गेलं. बोळात आता उघडं दार माझंच. तुकडी बंद झाली, जूनपासून नोकरी राहील की नाही ते शाळेलाही माहीत नाही.

यंदाच्या भाकणुकीच्या सकाळी मी पेपर आणून ठेवला. वासरू बुजलं होतं. मी फोनजवळ बसले. दहा वाजले, आला नाही. अकराला मीच लावला.

"आक्का, आज भाकणूक आली पेपरात."

"आज व्हय?" तिच्यामागे नात कशावर तरी खिदळत होती. "अगं, इसरलेच बघ मी! ध्येनातच न्हाय ऱ्हायलं. थांब, हिची येनी घालतीया, शाळंची गाडी येईल. मागनं लावते."

मागून फोन आला नाही. मला लागलं, खोटं कशाला बोलू? पेपर घेऊन मी शाळेत गेले. शिकवताना, वह्या तपासताना, परत येताना मी त्या बातमीत शोधत होते. पावसाबद्दल नाही, नोकरीबद्दल नाही, कुठून म्हणून काही निघेना. संध्याकाळी कुलूप उघडताना एकच बरं टोक निघालं. भाकणुकीचा दिवस आला आणि आक्का विसरली.