शेख मॅडमचा चढता भाव

शेख मॅडमना कुणी "काही कमी करा" म्हटलं, की त्या भाव वाढवायच्या. तुळजापुरात नारळसुद्धा कुणी घासाघीस केल्याशिवाय उचलत नाही. तिथं हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला.

बसस्टँडमागे त्यांचे टायपिंगचे वर्ग होते. टायपिंग शिकणारे संपले, तेव्हा साठीला टेकलेल्या मॅडम वेबसाइट बनवायला शिकल्या. मी नुकताच लॉजवर मजला चढवला होता. नव्या आठ खोल्या, आणि नवरात्र महिन्यावर. वेबसाइट हवी म्हणून त्यांच्याकडे गेलो.

"पंधरा हजार," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, गाववाला आहे मी. दहा करा."

"साडेपंधरा."

"अहो, मी खाली या म्हणतोय!"

"सोळा. पहिला भाव कामाचा असतो भाऊ. पुढचा माझ्या डोक्याच्या तापाचा."

हमाली करत करत लॉज उभा केलेला माणूस मी. सिमेंटवाल्याला, फरशीवाल्याला रडवलं आहे. या बाईंनी मला तीन वाक्यांत उठवलं. तो राग अजून गेलेला नाही. तणतणत घरी आलो आणि फुकटात वेबसाइट करून देणारं ॲप मोबाइलवर घेऊन स्वतःच बसलो. चार दिवसांत साइट तयार! वर माझा हार घातलेला फोटो, खाली खोलीचं भाडं, अडीच हजार.

पंधरा दिवसांत फोन एकच आला, तोही मेव्हण्याचा. फोटो झकास आलाय म्हणाला. शेजारच्या लॉजमध्ये मात्र खोल्या भरत चालल्या होत्या. नवरात्र रिकामं गेलं तर वर्ष कसं काढायचं? शेवटी राग गिळला आणि पुन्हा मॅडमचा जिना चढलो.

त्यांनी साइट पाहिली. "तुम्ही लई छान दिसताय. खोल्या कुठं हायत? आणि अडीच हजार?"

"तेवढे घेतो कुठं? मी अडीच सांगायचे, त्यांनी हजार म्हणायचं, मग चहा, मग बाराशेला तोडायचं."

"हजार म्हणायला माणूस समोर पाहिजे ना! गिऱ्हाईक सोलापुरात पलंगावर पडून बघतंय. अडीच दिसले, की बोटानं सारलं पुढं. तुमचा चहा इथं गार. शेवटचा भाव टाका."

"शेवटचा भाव मी बायकोलाही सांगत नाही!"

"मग आठ खोल्यांत घरचीच माणसं झोपवा."

मी मुकाट्यानं सोळा हजार दिले. दुसऱ्या दिवशी फोटो काढायला त्या स्वतः आल्या आणि आधी मला बादल्या घासायला लावल्या. "माणूस पलंग नंतर बघतो भाऊ, बादली आधी."

घटस्थापनेपर्यंत आठही खोल्या भरल्या. मॅडम आता लेकीकडे लातूरला असतात. निघताना साइट कशी सांभाळायची ते वहीत लिहून देऊन गेल्या. खोल्या आजही भरतात. तरी माझी तक्रार आहेच. वीस वर्षं ज्या काउंटरवर मी घसा बसेपर्यंत भांडलो, तिथं आता लोक मोबाइल दाखवतात, किल्ली घेतात आणि वर जातात. परवा राहवलं नाही. एका म्हाताऱ्या पाहुण्यांना मीच विचारलं, "काका, भाडं जरा जास्त वाटत नाही का?"

"न्हाय न्हाय, बरोबर हाय," म्हणत काका जिना चढून गेले.